सदर अर्जदार

मुकुंदकाका आठवडी बाजारात मेथीची जुडी आणायला निघाले तरी एका हातात कापडी पिशवी असते आणि दुसऱ्या काखेत पदव्यांची फाईल. एकदा न राहवून मी विचारलं, "काका, मेथीला पदवी कशाला लागते?"

"मेथीला लागत नाही, बाई," ते गंभीरपणे म्हणाले. "पण वाटेत मुलाखत निघाली तर?"

वाटेत पाहुणे भेटतात, वाटेत चपलेचा अंगठा तुटतो, हे मला ठाऊक होतं. वाटेत मुलाखत निघते हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. पण काकांचा त्यावर विश्वास आहे. साठीला टेकलेला हा माणूस ऐन तारुण्यापासून नोकरीसाठी मुलाखती देतोय आणि भोरच्या बाजारपेठेत कधीतरी, कांद्याच्या ढिगाआडून, कुणीतरी साहेब उठून म्हणेल, "या, बसा," अशी त्याला खात्री आहे.

मी भोरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. आमच्या घराखालच्या गाळ्यात काकांचं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान आहे. मूळचे ते आंबवड्याचे. गाव त्यांना 'अर्जदार' म्हणतं, आणि त्यात गावाचा काही दोष नाही. काका स्वतःच स्वतःला तसं म्हणतात. सकाळी जिन्याखालून आवाज येतो, "सदर अर्जदारास चहाची आवश्यकता आहे." दुकान बंद ठेवायचं असलं की दारावर पाटी लागते: 'सदर अर्जदार मौजे आंबवडे येथे जात असल्याने दुकान बंद राहील, तरी योग्य ती नोंद घ्यावी.' एकदा जिन्यावरून पाय घसरून पडले. मी धावत गेले तर पायरीवर बसल्या बसल्याच म्हणाले, "सदर अर्जदार पडलेला आहे." मात्र दुखणं खरोखर कळलं तेव्हा भाषा बदलली. "आयो, बाई, लई लागलं की हो!" काका मनापासून बोलायला लागले की आंबवडं बाहेर येतं. एरवी तहसील कचेरी.

त्यांच्या पदव्यांची गोष्ट सरळ आहे. पहिल्या मुलाखतीला गेले तेव्हा मराठी घेऊन बीए झाले होते. साहेब म्हणाले, राज्यशास्त्र हवं होतं. काका घरी आले आणि राज्यशास्त्र घेऊन पुन्हा बीए झाले. तोवर ती जागा भरली गेली होती. पुढच्या ठिकाणी टायपिंग विचारलं. काकांनी मराठी केलं, इंग्रजी केलं, वेग वाढवला आणि परत आले तर तिथं कॉम्प्युटर बसले होते. कॉम्प्युटर शिकले तर बीएड विचारलं. बीएड झाले तर वय विचारलं. अशा रीतीनं, जो जो जे जे नाही म्हणाला, ते ते काकांनी मिळवलं. त्यात ग्रंथालयशास्त्र आहे, सहकार आहे, कामगार कायदा आहे, वायरमनचा छोटा कोर्स आहे आणि मधमाशापालन आहे. मधमाशी दुकानात शिरली तर काका बाहेर येतात आणि ती निघेपर्यंत समोरच्या चहावाल्याकडे बसतात. जीवरक्षकाचंही एक प्रमाणपत्र आहे. भाटघरला मावशीकडे गेले की हा माणूस धरणाच्या पाण्याकडे पाठ करून बसतो. विचारलं तर म्हणतात, "पोहणं प्रात्यक्षिकात होतं. आम्ही लेखीला पहिले आलो."

आणि हे सगळं लॅमिनेट केलेलं. मशीन घरचंच, मग काय! काकांना हातात कुठलाही कागद आला की तो उघडा पाहवत नाही. लग्नपत्रिका, रेशनकार्ड, गेल्या वर्षीचं कॅलेंडर, सगळ्यावर प्लास्टिक. आमच्या घरभरणीची पत्रिका मी त्यांना दिली, ती दुसऱ्या दिवशी लॅमिनेट होऊन मलाच परत आली. "जपून ठेवा," म्हणाले, "दमट हवा आहे."

अडायचं ते एकाच ठिकाणी. अनुभव!

"सगळं आहे हो तुमच्याकडे," साहेब लोक म्हणायचे, "पण अनुभव नाही."

यावर काकांचा एक ठरलेला सवाल होता, आणि तो ते मुलाखतीतही विचारत. "अनुभवाशिवाय नोकरी नाही आणि नोकरीशिवाय अनुभव नाही. मग मला एवढंच सांगा, जगातल्या पहिल्या कलेक्टरला अनुभवाचा दाखला कुणी दिला?" या सवालाला आजवर कुठल्याच साहेबाकडून उत्तर आलेलं नाही. नेमणूकही आलेली नाही.

"काका, इतकी वर्षं दुकान चालवताय, तो अनुभव नाही का?" मी म्हटलं.

"ते दुकान आहे. त्याचा दाखला मला कोण देणार? मीच मला द्यायचा? नियमात बसत नाही. चौकशी केली होती मी."

मग त्यांनी धाकट्या भावाला गाठलं. भाऊ आंबवड्याला भाताची शेती करतो. काकांनी त्याला 'शेतीविषयक प्रत्यक्ष कामाचा अनुभव' असा दाखला लिहून नेला, फक्त सही मागितली. भाऊ म्हणाला, "दोन दिस चिखलनी कर, मग करतो सही." काका इस्त्रीची पॅन्ट दुमडून खाचरात उतरले. दुपारपर्यंत एक पाय चिखलात असा रुतला की तो काढायला दोघंजण लागले, आणि चप्पल आजही तिथंच आहे. भावानं सही केली, पण खाली स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवली: 'काम समाधानकारक न्हाई.' काकांनी तेही लॅमिनेट केलं. खरं लपवणं त्यांना जमत नाही.

लग्न राहिलं तेही याच पायी. मुलगी बघायला गेले, मुलीच्या वडिलांनी सहज विचारलं, "काय करता?" आणि काकांनी फाईल उघडली. पोहे थंड झाले, चहा झाला, वडील दोनदा उठून आत जाऊन आले, तरी फाईल संपेना. शेवटी ते म्हणाले, "हे सगळं झालं. पण करता काय?" काका म्हणाले, "अर्ज."

असे हे काका. आता वेल्ह्याची गोष्ट सांगते.

वेल्ह्याच्या पुढं डोंगराच्या पोटाशी मुलामुलींचं एक लहानसं वसतिगृह आहे. वरच्या वाड्यांवर गुरं-मेंढरं राखणारी घरं आहेत, तिथून शाळेला रोज येणं-जाणं होत नाही, एसटी तर नाहीच. ती मुलं इथं राहतात आणि शेजारच्या शाळेत जातात. एक छोटी संस्था ते चालवते. अध्यक्ष आहेत सैन्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार, आणि समितीत इंग्रजी पत्रं वाचायला मी.

पण वसतिगृह खऱ्या अर्थानं चालवायची ती जनाक्का. ती आली होती स्वयंपाकाला. स्वतः वरच्या धनगरवाडीची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. आधीचे अधीक्षक सोडून गेले आणि नवा माणूस मिळेना, तेव्हा हळूहळू सगळं तिच्यावर आलं. पोरांना उठवणं, न्हाऊ घालणं, दुखलं-खुपलं बघणं, आणि ओरडणं. जनाक्काचं ओरडणं असं, की खालच्या रस्त्यावरून जाणारा टेम्पो ब्रेक लावायचा. पोरं तिला घाबरायची आणि झोपताना तिच्याच पदराला धरून झोपायची.

कागदाचं मात्र तिच्याशी वाकडं. इंग्रजी पत्र आलं की ते ती देवाजवळ ठेवायची, कुणीतरी वाचील म्हणून. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांना तिनं भांडीवाला समजून फाटकातूनच परत पाठवलं. "आमाला नकोत, हायती तीच घासून हात मोडल्यात!" त्या साहेबांनी लिहिलेलं पत्रही मग देवाजवळच गेलं.

शेवटी पुण्याच्या ज्या कंपनीकडून वसतिगृहाला मदत यायची, तिनं अट घातली. पदवीधर अधीक्षक नेमा, नाहीतर मदत थांबेल. जाहिरात निघाली. जनाक्कानंही अर्ज केला, तोंडी. सुभेदारांना चुलीपाशी बोलावून म्हणाली, "माझं बी नाव घाला त्यात."

आणि जाहिरातीत एक वाक्य होतं, 'वयाची अट शिथिलक्षम'. काकांनी ते वाक्य मला जिन्यात उभं राहून तीनदा वाचून दाखवलं. शिथिलक्षम! हा शब्द उच्चारताना त्यांचा आवाज भरून आला.

"काका, मी समितीत आहे," मी सांगितलं. "तिथं ओळख दाखवू नका हं. बरं दिसणार नाही."

"बाई," ते म्हणाले, "सदर अर्जदार आपणांस ओळखत नाही." आणि खरोखर त्या क्षणापासून त्यांनी मला ओळखणं बंद केलं. दुसऱ्या दिवशी मी दुकानात झेरॉक्स काढायला गेले तर म्हणाले, "आपण?"

मुलाखतीच्या दिवशी काका पहिल्या गाडीनं निघाले, नसरापूरला उतरून वेल्ह्याची गाडी धरली आणि सकाळी पोरांच्या नाष्ट्यालाच वसतिगृहावर पोचले. मरून रंगाचा टाय, काखेत फाईल. पुढचं मला जनाक्काकडून आणि काकांकडून, दोघांकडून वेगवेगळं कळलं आहे. पण मुद्दे सारखेच आहेत.

पाण्याची मोटर बंद पडली होती आणि जनाक्का वेल्ह्याहून येणाऱ्या वायरमनची वाट पाहत होती. टायवाला माणूस दिसताच ती म्हणाली, "आलात व्हय? हिकडं या, मोटर हिकडं हाय."

दुसऱ्या कुणी खुलासा केला असता. पण आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी काकांना पाहून 'आलात व्हय' म्हणालं होतं. शिवाय वायरमनचा कोर्स फाईलमध्ये होताच. काका मोटरपाशी गेले, डबा उघडला, विचार करून एक तार ओढली. फट्‌ असा आवाज झाला आणि सगळ्या वसतिगृहाची वीज गेली.

"कोर्स केलाय ना तुमी?" जनाक्का म्हणाली.

"लेखी," काका म्हणाले.

तिनं त्यांना हाकललं असतं, पण काकांचा चेहरा पाहून तिला दया आली. भाकरी वाढली, वर लसणाचं वाटण दिलं, आणि मग म्हणाली, "बसलाच हायसा तर लसूण सोला." काका टाय खांद्यावर टाकून लसूण सोलत बसले. वीज नसल्यामुळं आत अंधार, म्हणून पोरंही बाहेर पडवीत येऊन त्यांच्याभोवती बसली. त्या दिवशी रविवार होता, शाळा नव्हती.

आणि भाकऱ्या थापता थापता जनाक्कानं मन मोकळं केलं. "आज डिग्रीवाला येनार हाय म्हनं. त्यो आला की माझी खोली त्याला. हितं खोली एकच हाय. मला म्हनत्यात, तुमी सैपाकाला या की वाडीवरनं. वाडीवर कोन हाय माझं? घर पडलंय. आन् ही पोरं रातच्याला उठली की त्या डिग्रीला हाक मारनार व्हय?"

काका लसूण सोलत राहिले. फाईल त्यांनी हळूच मांडीखाली सरकवली.

मी, सुभेदार आणि कंपनीचे तरुण साहेब असे आम्ही तिघं पोचलो तेव्हा मला हे काहीच ठाऊक नव्हतं. पडवीत पाहते तर काका, पुढ्यात लसणाची टोपली आणि अंगावर, पाठीवर, खांद्यावर पोरं. एका पोरीनं त्यांचा टाय स्वतःच्या गळ्यात घातला होता. मी दचकून म्हटलं, "काका, तुम्ही इथं काय करताय?"

काकांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "आपला परिचय?"

वीज नव्हती म्हणून मुलाखती पडवीतच मांडल्या. उमेदवार तसे तीन होते. पहिला पुण्याचा एक हुशार पदवीधर, पण तो फाटकाशी उभा राहिला, मोबाईल वर धरून इकडं-तिकडं फिरला, रेंज येते का पाहिलं आणि त्याच गाडीनं परत गेला. उरले दोघं.

आधी जनाक्का. ती हात पुसत आली आणि खुर्चीच्या अगदी काठावर बसली.

"तुमचं शिक्षण?" साहेबांनी नम्रपणे विचारलं.

"चवथी. पास का नापास ते इचारू नका, म्हशी होत्या घरी."

"आणि मुलं सांभाळायचा अनुभव?"

"त्याला अनुभव म्हनत्यात व्हय? म्या डोकंदुखी म्हनते."

साहेब हसू दाबत म्हणाले, "समजा, अचानक अडचणीचा प्रसंग आला. आधी काय कराल?"

"आदी वरडीन. मग बघीन काय झालंय."

सुभेदारांनी मिशीआड तोंड लपवलं. पण साहेबांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि खिन्नपणे मान हलवली. माणूस वाईट नव्हता. त्यांना वरती उत्तर द्यायचं होतं. जनाक्काला ते कळलं. ती उठली आणि म्हणाली, "बरं. जाते. भात लागंल खाली."

मग सुभेदारांनी पुढचं नाव पुकारलं. लसणाच्या टोपलीमागून काका उठले, पोरीच्या गळ्यातला टाय सोडवून घेतला, आपल्या गळ्यात घातला आणि मांडीखालची फाईल काखेत घेऊन पुढं आले.

स्वयंपाकघराच्या दारात जनाक्का थबकली.

"आरं द्येवा! त्यो डिग्रीवाला म्हंजी तुमीच व्हय?"

काकांनी खाली पाहिलं.

"आन् माझीच भाकरी खाल्लीत!" तिचा आवाज नेहमीसारखा चढला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच ती हळू बोलली असेल.

काका बसले. साहेबांनी फाईल उघडली आणि आतली गुळगुळीत प्रमाणपत्रं टेबलावरून माशांसारखी सुळकन चहूकडे पळाली. दोन माझ्या मांडीवर आली, एक सुभेदारांच्या बुटाखाली गेलं. ती गोळा करता करता साहेब वाचत होते आणि त्यांचे डोळे मोठे होत होते. बीएड! सहकार! कायदा! ग्रंथालय!

"अहो, आम्हाला हवं ते सगळं आहे की यात," ते म्हणाले. "फक्त अनुभव..."

मी डोळे मिटले. आता पहिला कलेक्टर येणार.

"...अनुभव नसला तरी चालेल," साहेब म्हणाले. "पत्रव्यवहार येतो, पदवी आहे, माणूस सभ्य आहे. सुभेदारसाहेब, माझी काही हरकत नाही. बोला, कधीपासून रुजू होता?"

मी काकांकडे पाहिलं. हे वाक्य ऐकायला त्यांनी दोन बीए केले होते. त्यांनी एकदा फाईलकडे पाहिलं, एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे. मग खिशातून रुमाल काढून लसणाचे हात पुसले आणि म्हणाले,

"कळवतो."

"काय?"

"विचार करून कळवतो. पत्त्यावर."

मुलाखत घेणाऱ्याला हे उत्तर ऐकायची सवय नसते. सुभेदार मात्र पुढं झुकले. "मुकुंदराव, सरळ बोला. नोकरी नको आहे का?"

काका उभे राहिले. कचेरीच्या भाषेत सुरुवात केली. "सदर अर्जदाराची विनंती अशी आहे की, संस्थेस पदवीची आवश्यकता आहे, ती सदर अर्जदाराकडे मुबलक आहे. सबब..." इथं तहसील कचेरी एकदम मागे राहिली. "सबब म्हंजी काय, की ती घ्या तुमी. कागदावर मला मानद अधीक्षक करा, बिनपगारी. दर रविवारी येतो, पत्रं बघतो, उत्तरं लिहितो, तपासणीला कोण येणार असंल तर फाटकावर उभा ऱ्हातो. पण पगार आन् खोली तिची. पोरं तिच्याकडं. माझ्या हातनं नुसता दिवा गेला तर अजून आला न्हाई. ही पोरं कशी सांभाळू म्या?"

साहेब म्हणाले, "पण नियम..."

"नियमात पदवीधर अधीक्षक पाहिजे," सुभेदार म्हणाले. "पगारी पाहिजे असं कुठं लिहिलंय? आमच्या पलटणीत शिकलेला ऑफिसर असायचा आणि पलटण चालवायचा सुभेदार. दोघांपैकी एक नसला की मार खायचो आम्ही." मग माझ्याकडे वळून, "बाई, नियम वाचा."

मी वाचला. पगाराबद्दल त्यात काही नव्हतं. साहेबांनी तो स्वतः पुन्हा वाचला, बाहेर जाऊन टेकाडावर चढले, रेंज मिळवून पुण्याला फोन केला आणि बऱ्याच वेळानं घाम पुसत खाली आले. "वर्षभर करून बघू, म्हणाले."

जनाक्काला हे सगळं समजावून सांगायला आणखी थोडा वेळ गेला. तिला पगार कळला, खोली कळली, पण 'मानद' कळेना. "म्हंजी ह्ये फुकट येनार?" ती म्हणाली. "का?" काका टायची गाठ नीट करू लागले, तेव्हा तिनंच विषय मिटवला. "बरं या. पन मोटरीला हात लावायचा न्हाई."

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो. आता ओळख दाखवायला हरकत नव्हती, पण काका खिडकीबाहेर बघत होते. ऊन उतरलं होतं, रस्त्याकडेच्या खाचरांत भात पिवळं पडत होतं.

"काका," मी म्हटलं, "उभा जन्म वाट बघितलीत. मिळाली होती की आज. वाईट नाही वाटत?"

"वाटतंय की," ते म्हणाले. "बाई, मुलाखतीत पहिलं काय विचारतात?"

"स्वतःबद्दल सांगा, म्हणतात."

"हां." त्यांनी टाय सैल केला. "दुकानात लोक मला काय विचारतात? एका बाजूनं का दोन्ही बाजूंनी. भावाकडं गेलो तर तो विचारतो, जेवून आलायस का जेवायचंय. त्याचं बी बरोबर हाय, त्याला कामं असत्यात. पण आई गेली त्या दिवसापासनं, 'तुझं सांग' असं मला कुणी म्हटलं असंल, तर ते ह्या साहेब लोकांनीच. चांगल्या खुर्चीत बसवत्यात, पाणी देत्यात आन् मान हलवत ऐकत्यात. पाच मिनिटं का होईना. म्हणून जातो, बाई. नोकरी काय, न्हाई तर न्हाई."

इतकी वर्षं मी त्यांच्या डोक्यावर राहत होते.

"मग आज सकाळी," काका पुढं म्हणाले, "म्या फ्यूज घालवला आन् ही पोरं भोवती बसली. काय काय इचारलं त्यांनी! तुमाला आई हाय का? बायको का न्हाई? एकटं झोपताना भ्या वाटत न्हाई का? एक बारकी, तिचं तर दात पडल्यालं, ती म्हणाली, तुमी आजारी पडला की पानी कोन देतं?"

"काय सांगितलंत?"

"खरं ते सांगितलं." ते हसले. "बाई, फाईल उघडायची आठवणच झाली न्हाई. तिची खोली घेऊन म्या तिथं झोपलो असतो, तर त्या पोरांनी मला परत काही इचारलं असतं का?"

कंडक्टर आला, नसरापूर नसरापूर म्हणून ओरडून गेला. काका उठले, दांडीला धरून उभे राहिले, आणि दाराकडे सरकता सरकता मागं वळून मला म्हणाले, "आन् त्या बारकीनं इचारलं, परत कवा येनार? ते तुमी लोक यायच्या आदीच, बाई. मुलाखत सुरू बी झाली नव्हती."

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, रविवारी," काका म्हणाले, आणि गाडी पुरती थांबायच्या आतच पायरीवर उतरले.